बारा ठिपके

फोनवर मीच म्हणालो होतो, गेल्या गुरुवारी:
पाठीवर ठिपके आहेत ना?
मग ढालकिडा तो. मावा खातो. आपला माणूस.
मारू नकोस.
तेवढ्यात ठिबकच्या नळ्या मागायला कुणी आलं
आणि मी फोन ठेवला.

आज मोफज्जल स्वतःच उभा आहे काउंटरपुढे,
सुवैकच्या या दुकानात, खतांच्या पोत्यांना टेकून,
हातात लबनची रिकामी बाटली,
झाकणाला खिळ्याने पाडलेली तीन भोकं.
आत पान, पानावर
मसुरीएवढे, मसुरीच्याच रंगाचे पाच जण.

तो काही बोलत नाही.
खिशातून खरबुजाचं दुसरं पान काढतो,
जुनी नोट उलगडावी तसं उलगडतो
आणि ट्यूबलाइटपुढे धरतो.
शिरा तेवढ्या शिल्लक. पानातून
रस्त्यापलीकडची खजुराची झाडं दिसतात,
एक पिकअप जाते, तीही दिसते.

मी भिंग घेतो.
आता घेतो.

खऱ्या ढालकिड्याची पाठ नव्या हेल्मेटसारखी,
उजेड तिच्यावरून घसरतो.
याची मंद. भिंगाखाली बारीक लव,
जर्दाळूवर असते तशी.
एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा.
तेरावा दिसला तो काचेवरचा डाग निघाला,
माझ्याच अंगठ्याचा.

आणि जेवायची तऱ्हा बघा:
आधी पानावर गोल रिंगण कुरतडून घेतो,
वेलीचा चीक आत येऊ नये म्हणून,
मग त्या रिंगणात बसून सावकाश खरवडतो.
इतका नेटका, की राग यायला वेळ लागतो.

"साल्बी भाई," मोफज्जल म्हणतो
(साळवीतली दोन अक्षरं त्याच्या तोंडात
चार वर्षांत रुळलेली नाहीत)
"आमच्या बोरिशालला याला काँठाले पोका म्हणतात."

काँठाले?

तो बाटली तिरकी करतो. पानाच्या पाठीला
पिवळी अळी, अंगभर काटे,
काट्यांना आणखी काटे.
"काँठाल," तो म्हणतो, आणि दोन्ही हात असे धरतो
जसं कडेवर पोर घ्यावं.

फणस.

देवरुखला, परड्यात, बुंध्यालाच धरायचे,
कुयरीच्याही आधीचे, करंगळीच्या पेराएवढे.
पुस्तकात मी तीनदा वाचलं होतं:
अळी पिवळसर, काटेरी, पायांच्या तीन जोड्या.
पुस्तकाला फणस माहीत नव्हता.
मला होता.

वहीत नोंद करायची असते:
कीड, पीक, नुकसान, स्थानिक की बाहेरून आलेली.
स्थानिक, मी लिहितो.
मोफज्जल अक्षरांचा अर्थ विचारतो
आणि हसतो, आज पहिल्यांदाच.
"म्हणजे बताका लागत नाही याला."

औषध मी देत नाही. आठवड्यात फळं उतरतील,
आणि मालकाची, खलफानची नातवंडं
ती शेतातच गुडघ्यावर फोडून खातात.
हाताने वेच, म्हणतो. पहाटे, सुस्त असतात तेव्हा.
पानं उलटी कर. पिवळी अंडी दाटीवाटीने उभी असतील,
ती चिरड. घमेल्यात साबणाचं पाणी ठेव.

"किती?" तो विचारतो.
सव्वीस ओळी. ओळीला शंभर वेल.
माझं एक वाक्य, आठ दिवस.

शुक्रवारी दुकान बंद असतं.
साडेपाचला मी पाटाच्या काठाने चाललोय,
इथे त्याला फलज म्हणतात,
समुद्राकडून ओलसर, चिकट वारा,
हातात बासमतीचा रिकामा डबा, तळाला साबणाचा फेस.
लांबवर दोन पाठी वाकलेल्या.
त्यातली एक सरळ होते आणि ओरडते,
"मोजून टाक, साल्बी भाई! बारा असले तरच!"

पहिलं पान रिकामं निघतं.
दुसऱ्यावर तीन कुयऱ्या.